बारा हिरवे चौकोन

कुसळेवाडीच्या माळावर बारा हिरवे चौकोन उगवले होते.

चौकोन म्हणजे अगदी भूमितीतले. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, चारी कोपरे काटकोनात. गवत गोल वाढतं, वेडंवाकडं वाढतं, ओढ्याच्या कडेनं लांबलचक वाढतं. पण पट्टी लावून वाढलेलं गवत आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि चौकोनांच्या बाहेरचा चारशे एकर माळ? चुलीतली राख कुणीतरी अंथरून ठेवावी, तसा.

हे असं का, ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं ते एकटेच, कार्तिकातल्या एका सकाळी चार पायांवर चालत गावात आले.

ते म्हणजे मोजणीयंत्र क्रमांक सतरा. उंची वासराएवढी, पाठीवर पत्र्याची पेटी, डोक्याच्या जागी कंदिलासारखं काहीतरी आणि त्यात दोन काचा. ही गोष्ट आजपासून साठेक वर्षांनंतरची आहे, त्यामुळे यंत्र चालत आलं याचं कुणाला नवल वाटलं नाही. सरकारी कागद घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला गावात भाऊसाहेब म्हणायची पद्धत होती, म्हणून यालाही भाऊसाहेबच म्हणत. चार पाय असले म्हणून काय झालं.

चावडीपुढे सरपंच अनसूयाकाकूंनी भाऊसाहेबांना शाल पांघरली आणि नारळ दिला. भाऊसाहेबांनी नारळ पोटातल्या खणात ठेवला. तिथे आधीचे नऊ होते.

"माझ्याकडे आता एकेचाळीस शाली झाल्या," ते म्हणाले. "मला थंडी वाजत नाही. ही नोंद मी दरवेळी करतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण आवडलं.

मग काकूंनी अकरा वर्षांच्या सारजा कोळेकरला बाजूला घेतलं. "हे बघ, तू जा त्यांच्यासंगं. निशाणं सोडून इकडंतिकडं जाऊ द्यायचं न्हाय. चहा पीत न्हाईत, पान खात न्हाईत, कशात गुंतवायचं ते तूच बघ."

सारजाला का निवडलं, तर सात नंबरचा चौकोन तिचा होता.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात माळाला आग लागली. दोन दिवस माळ जळत होता. तेव्हाही हेच भाऊसाहेब आले होते. त्यांनी माळावर बारा ठिकाणी खुंट्या ठोकल्या, प्रत्येक खुंटीवर लाल निशाण लावलं, मोजलं आणि चावडीवर कागद चिकटवून गेले. दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा मोजणी होईल, असं कागदावर होतं. माळ साठ टक्के सावरला असेल तर मेंढरांसाठी खुला. साठच्या खाली आला तर निदान तीन वर्षं बंद. बंद माळाला सरकार गवताचं बी देईल आणि गावातल्या निम्म्या मेंढरांना चारा देईल. उरलेल्या निम्म्यांचं काय, ते कागदावर नव्हतं. पण गावाला वाचता येत होतं. उरलेल्या निम्म्या मेंढरांनी ट्रकमध्ये बसून कायमचं जायचं.

सारजाच्या बापूंकडे चाळीस मेंढ्या होत्या. त्यांतली एक कवडी. काळं अंग आणि कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. आई मेली तेव्हा कवडी दोन दिवसांची होती. सारजानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. निम्म्या मेंढ्या म्हणजे वीस. त्या विसांत कवडी येणार की जाणार, यावर सारजा पुष्कळ वेळा विचार करायची आणि अर्ध्यातच सोडून द्यायची.

म्हणून काकूंनी सभा घेतली. बारा निशाणं, बारा घरं. प्रत्येक घरानं आपल्या निशाणाखालच्या चौकोनाला रोज शाळा सुटायच्या वेळी दोन तांबे पाणी घालायचं. गावात टँकर चार दिवसांनी यायचा. सारजाच्या घरी आंघोळ आठवड्यातून एकदा, डोक्यावरून आंघोळ महिन्यातून एकदा आणि सात नंबरच्या गवताला रोज पाणी. दोन वर्षं सारजानं एक दिवस चुकवला नव्हता. ताप होता तेव्हाही गेली होती.

भाऊसाहेबांनी एक नंबरच्या निशाणापाशी पेटीतून अॅल्युमिनियमची चौकट काढून जमिनीवर ठेवली आणि मोजायला लागले.

"काय मोजता?" सारजानं विचारलं. गुंतवायचं म्हणून विचारलं, हे खरं. पण तिला माहीतही नव्हतं. दोन वर्षं पाणी घातलं, कशाला मार्क मिळतात ते कुणी सांगितलं नव्हतं.

"सावरणक्षमता," भाऊसाहेब म्हणाले. "म्हणजे धक्का बसल्यावर पुन्हा पूर्वीसारखं होण्याची ताकद. कुमारी सारजा कोळेकर, तुम्ही पडला तर काय होतं?"

"खरचटतं."

"किती खरचटतं हा एक प्रश्न. किती दिवसांत बरं होतं हा दुसरा. माळाचंही तसंच. आगीच्या आधी अशा एका चौकोनात पवन्या गवताचे सरासरी वीस ठोंब होते." ठोंब म्हणजे एकाच मुळातून फुटलेला गवताचा जुडगा. "आग विझल्यावर मी मोजले तेव्हा पाच जिवंत होते. विसांपैकी पाच टिकले. याला तग म्हणतात. धक्का बसत असताना किती टिकलं, ते."

"आणि गेले किती? पंधरा."

"पंधरा. आता त्या पंधरांतले किती परत आले, ते मोजायचं. याला सावरण म्हणतात. या चौकोनात आज सतरा आहेत. सतरातून पाच वजा करा."

"बारा. पंधरातले बारा आले." सारजानं बोटांवर हिशेब केला. "ऐंशी टक्के."

"बरोबर."

सारजाला फार आनंद झाला. साठ पाहिजे होते, ऐंशी आले. कवडी वाचली.

"पण या वर्षी पाऊस जास्त झाला असला तर? मग गवत पावसानं आलं, सावरून नाही," ती म्हणाली आणि तिनं लगेच जीभ चावली. गुंतवायला पाठवलेल्या माणसानं इतके चांगले प्रश्न विचारायचे नसतात.

भाऊसाहेबांच्या काचा तिच्याकडे वळल्या. "म्हणून रस्त्यापलीकडचा बिरोबाच्या देवळाजवळचा तुकडा मी आधी मोजला. तिथे आग पोचली नव्हती. ऊन तेच, पाऊस तोच. त्याला तुलना-तुकडा म्हणतात. तिथे आजही वीसच आहेत. म्हणजे पाऊस नेहमीसारखाच झाला."

दोन नंबर, तीन नंबर. अठरा, सोळा. चार नंबरच्या चौकोनापाशी भाऊसाहेब बराच वेळ थांबले.

"ही कोथिंबीर आहे," ते म्हणाले.

सारजानं पाहिलं. चार नंबर काकूंच्या घराचा. काकू खरकटं पाणी आणून ओतायच्या. त्यातून धने आले असणार. कोथिंबीर फार चांगली आली होती.

"कोथिंबीर ही या माळाची मूळ वनस्पती नाही," भाऊसाहेब म्हणाले. "मोजणीत तिसरी गोष्ट असते ती ओळख. परत आलं ते तेच आहे का, की त्याच्या जागी दुसरं कुणी येऊन बसलंय. नुसतं हिरवं मोजलं तर गाजरगवतानं भरलेला माळसुद्धा पहिल्या वर्गात पास होतो. पवन्याची मुळं हातभर खाली जातात, पुढच्या दुष्काळाला पुरतात. कोथिंबिरीची पुढच्या आमटीला पुरतात. मी फक्त पवन्या मोजतो."

दुपारपर्यंत बाराही चौकोन झाले. सरासरी सतरा. ऐंशी टक्के.

"मी पाच वाजता अहवाल पाठवीन," भाऊसाहेब म्हणाले. "माळ खुला होईल."

"तुम्हाला काही नवल वाटत नाही का?" सारजाच्या तोंडून निघून गेलं. "गवत चौकोनी आलंय."

"वाटलं. माझ्या फॉर्ममध्ये 'किती' असा रकाना आहे. 'का' असा नाही. दोनदा कळवलं. उत्तर आलं, की सूचनेबद्दल आभारी आहोत." त्यांनी चौकट पेटीत ठेवली. "खरबेवाडीतही चौकोनीच आलं होतं."

खरबेवाडी सारजाच्या मामाचं गाव.

खरबेवाडीचा माळ गेल्या वर्षी चौऱ्याऐंशी टक्क्यांनी पास झाला होता. पेढे वाटले होते. माळ खुला झाला, गावची आणि आजूबाजूची मिळून दीड हजार मेंढरं त्यावर सुटली आणि तीन महिन्यांत माळावर फुफाटा उडायला लागला. पुढच्या पावसात काहीच उगवलं नाही. वरची माती ओढ्यानं गेली, खाली खडक राहिला. मामाच्या ऐंशी मेंढ्यांतली एकही उरली नाही. मामा-मामी कुठल्याशा शहरात गेली. घराच्या कुलपावर आता कोळिष्टकं होती. लोक म्हणत, नजर लागली.

"खरबेवाडीला नजर लागली ना?" सारजानं हळूच विचारलं.

"नजर मोजायचं साधन माझ्याकडे नाही," भाऊसाहेब म्हणाले. "उंबरठा मोजायचं आहे. धक्का सोसायची हद्द. तिच्या अलीकडे असेपर्यंत माळ हळूहळू का होईना, परत येतो. एकदा पलीकडे गेला की नुसता पाऊस पडून भागत नाही. शंभर वर्षं वाट पाहिली तरी तो परत येत नाही. तो दुसरंच काहीतरी होऊन बसतो."

सारजा म्हणाली, "मेंढीसारखं."

"समजलं नाही."

"बापू वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात. लोकर परत येते. कितीही वेळा कातरा, येते. पण कातरताना हात चुकून कातडं निघालं, तर तिथे पुन्हा लोकर येत नाही. माळ चरला म्हणजे लोकर कातरली. पण आत्ता हा माळ भाजलेला आहे. भाजलेल्या अंगावर कातर चालवली तर..."

"नोंद केली," भाऊसाहेब म्हणाले. "माझ्याकडे हे सांगायला सहा पानं होती."

मग त्यांनी पेटीतून चेंडूएवढं उडणारं यंत्र काढून वर सोडलं आणि त्याला वरून दिसत होतं ते आपल्या पाठीवरच्या पडद्यावर सारजाला दाखवलं. करडा माळ. त्यावर बारा हिरवे ठिपके. आणि गावापासून प्रत्येक ठिपक्यापर्यंत गेलेली एकेक पांढरी रेघ.

"या रेघा कसल्या?"

"तुम्हीच सांगा."

सारजा सात नंबरच्या रेघेवर उभी होती. ती खाली बसली. रेघेच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर काळपट, खरखरीत पापडी होती. रेघेवर नुसती धूळ.

"ती मातीची पापडी," भाऊसाहेब म्हणाले. "डोळ्यांना न दिसणारी शेवाळं आणि दगडफूल मिळून कोरड्या जमिनीवर अशी साय धरतात. वाऱ्यानं माती उडू देत नाहीत, पडलेलं पाणी धरून ठेवतात. गवताचं बी तिच्या आधारानं रुजतं. आगीनंतर ती कशीबशी पुन्हा धरत होती. रोज त्याच वाटेनं पाय पडले की ती मोडते. या रेघेवर मला एकही ठोंब सापडला नाही."

रेघ सारजाच्या पायांची होती. दोन वर्षं, एक दिवस न चुकता. ताप होता तेव्हाही.

तिला रडू आलं नाही. तिनं रस्त्याकडे पाहिलं. तिथे बापू मेंढ्या घेऊन उभे होते आणि कवडी कुंपणाच्या तारेतून डोकं घालून माळाकडे बघत होती. माळ खुला झाला की सगळ्यांच्या पुढे तीच पळत येणार.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "आम्ही पाणी घातलं. बाराही चौकोनांना. रोज."

"नोंद करू का?"

सारजानं पुन्हा एकदा कुंपणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "करा. आणि पुन्हा मोजा. निशाणं सोडून."

"निशाणं लावली ही माझी चूक होती," भाऊसाहेब म्हणाले. "कुठे मोजणार ते आधी सांगितलं, की तिथेच सडा पडतो. नमुना यादृच्छिक घ्यावा. म्हणजे कुणाच्याही मर्जीनं नाही. जिथे पडेल तिथे. तुम्ही डोळे मिटून चौकट फेका. मला डोळे मिटता येत नाहीत."

सारजा गोफणीनं कोल्ह्याला हाकणारी पोरगी. तिनं डोळे मिटले, दोन गिरक्या घेतल्या आणि चौकट भिरकावली. बारा वेळा फेकली, बारा वेळा दोघं तिच्यामागे गेले. आठ ठोंब. सहा. अकरा. एका ठिकाणी शून्य. तिथे भाऊसाहेबांनी दोनदा मोजलं, तरी शून्यच. सरासरी आठ.

सारजानं हिशेब केला. आठातून पाच गेले, तीन. पंधरातले तीन. वीस टक्के.

पाच वाजले तेव्हा सगळं गाव चावडीपुढे होतं. काकूंनी पेढ्यांचा डबा पदराखाली धरला होता.

"किती आले?" काकूंनी विचारलं.

"वीस," सारजा म्हणाली.

"कितीतले?"

"शंभरातले."

मागून एकजण म्हणाला, "पोरीला निशाणं दाखवायला धाडली होती, का गावाची अब्रू दाखवायला?" दुसरा म्हणाला, "हिचीच मेंढरं आधी जाऊ द्या." तिसऱ्याच्या घरी बाराच मेंढ्या होत्या, त्यांतल्या सहा जाणार होत्या. सारजाला त्याच्याकडे बघवेना.

"चौदा वर्षं सरपंच हाय मी," काकू म्हणाल्या. "गाव कधी नापास झालं न्हाय. बाळे, तुला कळत नव्हतं व्हय काय व्हईल ते?"

"कळत होतं, काकू. माळ भाजलाय, भाजलेल्या अंगावर कातर चालवत नाहीत. खुला केला असता तर खरबेवाडी झाली असती. तुमच्या चौकोनात कोथिंबीर आली होती. ते ऐंशी माळाचे नव्हते, आपल्या पाण्याचे होते."

बापू पुढे आले. उंच, वाकलेला माणूस. बोलायचे कमी. त्यांनी सारजाला विचारलं, "माळ भाजलाय, त्यावर कातर चालवायची न्हाय. हे ह्या यंत्रानं सांगितलं तुला?"

"नाही. मीच त्यांना सांगितलं."

बापूंनी आपल्या हातांकडे पाहिलं. तीस वर्षं कातर धरलेले हात. "एकदा माझ्याकडनं एका मेंढीचं कातडं निघालं होतं," ते काकूंना म्हणाले. "मरेपर्यंत तिथं केस आला न्हाय. पोरगी बरोबर बोलतीया, अनसूयावहिनी. माझ्या वीस आधी घ्या."

त्यांनी वीस मेंढ्या निवडल्या. तरण्या, धडधाकट मेंढ्यांना दुसऱ्या मुलखात कुणीही ठेवून घेतं. म्हाताऱ्यांना कुणी घेत नाही. म्हणून म्हाताऱ्या ठेवल्या आणि तरण्या पाठवल्या. कवडी तरणी होती.

ट्रक आला तेव्हा सारजानं तिला स्वतः वर चढवलं. फळीवर कवडीचा पाय अडला, तिनं मागे वळून पाहिलं, सारजानं तिला पाठीमागून ढकललं. मग ट्रक गेला. सारजा घरी जाऊन कवडीच्या दुधाच्या बाटलीचं जुनं रबरी बूच शोधत बसली आणि ते सापडलं तेव्हा पुन्हा जिथल्या तिथे ठेवून दिलं.

माळ बंद झाला. सरकारी बी आलं. ठरलेल्या तारखेपेक्षा दोन महिने उशिरा, पण आलं. गावानं ते पेरलं, पाणी घातलं नाही. बारा वाटांवर बोराच्या फांद्या टाकल्या, कुणाचा पाय पडू नये म्हणून. काकूंनी पेढ्यांचा डबा रिकामा केला आणि त्यात पुढच्या वर्षीसाठी बी भरून ठेवलं.

पुढच्या कार्तिकात भाऊसाहेब आले. शाल त्यांना मिळाली नाही. त्यांनी तशी नोंद केली, आभार मानून.

सारजानं डोळे मिटून बारा वेळा चौकट फेकली. आठ, दहा, सात, तेरा. गेल्या वर्षी शून्य आलं होतं त्याच्या आसपास चौकट पडली, तिथे एक ठोंब होता. करंगळीएवढा. भाऊसाहेबांनी दोनदा मोजला. एकच भरला.

"सरासरी नऊ," ते म्हणाले. "पंधरातले चार. सत्तावीस टक्के."

"एका वर्षात एक ठोंब," सारजा म्हणाली. "फार कमी आहे."

"कमी आहे. पण कुणी पाणी न घालता आलेला आहे. गेल्या वर्षीच्या सतरापेक्षा हा नववा मला जास्त मोठा वाटतो. वाटतो, हे मी अहवालात लिहीत नाही."

सारजानं मनात मांडलं. साठ टक्के म्हणजे पंधरातले नऊ. नऊ आणि पाच, चौदा ठोंब. आज नऊ आहेत. वर्षाला एक धरला तर अजून पाच वर्षं.

"मी सतरा वर्षांची असेन," ती म्हणाली.

"मी भंगारात असेन," भाऊसाहेब म्हणाले. "माझी मुदत दोन वर्षांनी संपते."

"मग मोजणार कोण?"

भाऊसाहेबांनी चौकट परत घेण्यासाठी पेटीचं झाकण उघडलं होतं. त्यांनी सारजाकडे पाहिलं. तिनं चौकट खांद्याला अडकवली होती आणि ती बोराच्या फांद्या चुकवत, पापडीवर पाय न देता, दगडादगडांवरून गावाकडे निघाली होती. भाऊसाहेबांनी पेटीचं झाकण लावून घेतलं.